प्रश्न गावाने विचारायचा

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. चौकाच्या आसपास दवाखान्यांच्या पाट्यांना तोटा नाही. पण जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला महादेव कोळी, ठाकर किंवा कातकरी माणूस इथवर पोचतो तो बहुधा दुखणे विकोपाला गेल्यावर. "हे लोक उशिराच आणतात," असे म्हणून आपण मोकळे होतो. हे बोलणे अन्यायाचे आहे. उशीर का झाला, हे त्याला कोणी विचारले? भातलावणी चालू होती, गाडीला पैसे नव्हते, की मागच्या खेपेला खाल्लेला अपमान आठवत होता?

या गावांत आरोग्याच्या पाहण्या काही कमी होत नाहीत. बाळाचे वजन, आईचे रक्त लिहून नेले जाते. आकडा वर जातो, गावाकडे परतत नाही.

गडचिरोलीत डॉक्टर राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. पुढे गडचिरोलीतल्याच ३९ गावांत गावातल्याच बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी होता. ज्यांना अडाणी म्हटले त्यांचे हे काम! तरीही अभ्यासाचा मूळ प्रश्न डॉक्टरांनीच ठरवला होता. आता तोही गावाने ठरवावा.

तशी वाट आपल्या जिल्ह्यात पडलेली आहे. २००७ साली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांपुढे उभे राहून जाब विचारू लागले. पश्चिमेकडच्या बऱ्याच गावांना आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदाही लागू आहे. मग आरोग्याच्या अभ्यासाला ग्रामसभेची संमती का नको?

कशावर संशोधन व्हावे, हे ग्रामसभा ठरवील. माहिती गोळा करणाऱ्या गावच्या मुलींना त्या कामाची मजुरी मिळावी. अभ्यास करणाऱ्या महाविद्यालयांनी ती बुडवून वर ‘सेवाभाव’ म्हणू नये. नोंदवहीची एक प्रत गावात राहावी. निष्कर्ष छापण्याआधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत आणि चूक काढण्याचा अधिकार ऐकणाऱ्यांना असावा. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी पुढच्या रुग्णापासूनच उशिराचे कारण विचारावे, केसपेपरवर लिहावे, आणि नावे वगळून ती कारणे त्या त्या ग्रामसभेकडे पाठवावीत.