भाड्याची स्कूटर आणि विवेकाची साक्ष



मुले अमेरिकेत स्थायिक झाली, की आईवडिलांचे तिकडे जाणे होते आणि नातवंडांसोबत फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्ड पाहण्याचा बेतही ठरतो. १९७१ साली सुरू झालेल्या त्या परिसरात आज चार थीम पार्क आहेत. एकेका पार्कात दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते. ज्यांना ते झेपत नाही, त्यांच्यासाठी प्रवेशद्वारापाशी बॅटरीवर चालणाऱ्या, एका माणसाने बसण्याच्या छोट्या स्कूटर भाड्याने मिळतात. वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत, दिवसाचे भाडे आणि अनामत रक्कम भरायची, एवढेच. डॉक्टरचा दाखला कोणी मागत नाही. मात्र गाड्या मोजक्याच असतात. आधी येईल त्याला मिळते आणि संपल्या की उशिरा येणारा रिकाम्या हाताने परततो.

इथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. दाखला लागत नसेल, तर ही स्कूटर कोणी घ्यावी? आणि कोणी घेतली, तर ती त्याने का घेतली हे ठरवण्याचा अधिकार कोणाला?

अशी गाडी मुळात कोणासाठी तयार झाली हे पाहू. १९६८ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात अ‍ॅल थीम नावाच्या गृहस्थांनी ती आपल्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी बनवली. मज्जासंस्थेच्या आजारामुळे त्या व्यक्तीला चालणे अवघड झाले होते. या गाडीवर स्वतः चढावे लागते, ताठ बसावे लागते आणि हँडल धरून ती चालवावी लागते. म्हणजे ज्याला थोडे चालता येते पण लांबवर चालवत नाही, अशा माणसाच्या ती विशेष उपयोगाची आहे. संधिवात, अशक्त हृदय, दम लागणारी फुप्फुसे, कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा यांपैकी काहीही चेहऱ्यावर लिहिलेले नसते.

तरीही स्कूटरवरून उतरून कोणी चार पावले चालला, की आजूबाजूचे लोक हसतात. 'बघा, चमत्कार झाला!' असे म्हणतात. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. २४७७) अशा वृत्तीला उतावळा निवाडा म्हटले आहे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष खरा मानणे, तेही केवळ मनातल्या मनात, हेसुद्धा पाप आहे. येरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय ओरडू लागला तेव्हा लोकांनी त्याला गप्प राहण्यासाठी दटावले. प्रभू येशूने मात्र त्याला जवळ बोलावले आणि तुला काय हवे आहे, असे विचारले (मार्क १०:४६-५२). त्याचे आंधळेपण उघड दिसत असतानाही प्रभूने विचारले. आपण मात्र न विचारताच निकाल देऊन मोकळे होतो.

याचा अर्थ कोणी ढोंग करतच नाही, असा नव्हे. काही सधन कुटुंबे अपंग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेतात आणि डिस्नेतील रांगा टाळतात, अशी बातमी २०१३ साली अमेरिकन वृत्तपत्रांत झळकली. त्याच वर्षी सवलतीची जुनी कार्डपद्धत बंद झाली आणि नवे नियम आले. पुढे ऑटिझम असलेल्या मुलांच्या काही कुटुंबांनी त्या नियमांविरुद्ध कोर्टात धाव घेतली. लबाडी केली एकाने आणि झळ पोहोचली ती खऱ्या गरजवंताला. केवळ मजा म्हणून किंवा पाय दुखतील या आळसापोटी धडधाकट माणसाने शेवटची स्कूटर घेतली, तर भाडे चुकते करूनही तो दुसऱ्याच्या वाट्याचे घेत असतो. जिथे दाखला मागितला जात नाही, तिथे आपली सद्सद्‌विवेकबुद्धी हीच तपासनीस असते.

आणखी एका माणसाचाही विचार करायला हवा. समजा, एका आजीचे गुडघे कधीच निकामी झाले आहेत. मुलगा स्कूटर घेऊ म्हणतो, पण 'लोक काय म्हणतील? मी काय पांगळी झाले?' असे म्हणत ती चालत राहते. दुपारपर्यंत पाय सुजतात, तिच्यासाठी सगळे घर थांबते आणि नातवंडे हिरमुसतात. बाहेरून हा स्वाभिमान दिसतो, पण त्यात अहंकाराचाही अंश असतो. कालवारीच्या वाटेवर शिमोन कुरेनेकराने प्रभूचा क्रूस वाहिला, तेव्हा प्रभूने त्याला मागे लोटले नाही. गुडघेदुखीने त्रस्त झालेले पोप फ्रान्सिस मे २०२२ मध्ये व्हीलचेअरवर बसून लोकांसमोर आले आणि त्यांनी आपले काम चालू ठेवले. २०२५ साली ते प्रभुघरी गेले. खुर्चीत बसल्याने त्यांची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही. मदत देणे हे जसे प्रेम आहे, तसे ती नम्रपणे स्वीकारणे हेही प्रेमच आहे.

फ्लोरिडा दूर आहे, पण हा प्रश्न आपल्या मंदिरातही आहे. मिस्साबलिदानात सर्वजण गुडघे टेकतात, तेव्हा एखादी तरुण स्त्री बाकावर बसूनच राहते. तिचे ऑपरेशन झाले असेल, पोटात बाळ असेल किंवा आपल्याला कधीच कळणार नाही असे काही दुखणे असेल. पुढच्या बाकावरून वळून पाहणाऱ्या आपल्या नजरेतही एक निवाडा असतो. याउलट, दारापाशी ज्येष्ठांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर कधीकधी धडधाकट तरुण बसलेले असतात आणि वृद्ध भिंतीला टेकून उभे असतात. तर कोणी आजोबा, खुर्ची मागायची लाज वाटते म्हणून मिस्सालाच येणे सोडून देतात.

येत्या रविवारी मंदिरात पाऊल ठेवताना प्रत्येकाने स्वतःपुरते एवढेच विचारावे: मी बसलो आहे ती जागा माझ्या गरजेची आहे का? मला गरज असेल, तर ती मागण्याची नम्रता माझ्यात आहे का? आणि शेजारी बसलेल्याची गरज मला दिसत नसली, तरी त्याच्यावर विश्वास ठेवण्याइतके प्रेम माझ्या मनात आहे का?