साडेबाराची सावली

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. पुण्यात नोकरी आहे, खोली चांगली आहे, तरी दिवस नुसते ढकलते आहेस हे वाचून मन लागेना. मे महिन्यात लांब कुठे फिरायला जायचं म्हणतेस, जरूर जा. पण चार दिवस जगायचं आणि बाकीचं वर्ष काढायचं, हा हिशेब मला पटत नाही. राहत्या जागी एखादी गोष्ट आपली आपल्याला सापडते, तेव्हा फार सुख होतं, बाळा. ते तुला मिळावं म्हणून लिहिते आहे.

१३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला ऑफिसच्या गच्चीवर जा आणि जेवणाचा उभा डबा उन्हात ठेव. त्याची सावली आखडत आखडत बुडाशी येईल आणि दिसेनाशी होईल. सूर्य रोज डोक्यावर येतो असं आपण सहज म्हणतो. खरं तर आपल्याकडे तो बरोबर माथ्यावर येतो वर्षातून दोनदाच. उत्तरेकडे सरकताना मेच्या सुरुवातीला तो सिंधुदुर्गावर असतो, मग पुण्या-मुंबईवर, आणि २६ मेच्या आसपास नागपुरावर. परतताना जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे हे कधीच दिसत नाही. आठवडाभर आधीपासून रोज त्याच वेळी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करत जा. त्या दिवसापर्यंत सावली उत्तरेला पडेल, नंतर दक्षिणेला. पुस्तकात हे दोन ओळींत वाचता येतं. स्वतःच्या खुणांवरून उमगतं तेव्हा अंगावर काटा येतो.

तोवर सकाळचं टुक् टुक् ऐक. उन्हाळाभर चालणारा तो एकसुरी आवाज तांबट पक्ष्याचा. चिमणीएवढाच, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल. ओरडताना तो मान वळवत राहतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते समजत नाही. वडा-उंबराच्या शेंड्याकडच्या उघड्या फांद्या बघ. दिसायला दिवस लागतील, लागू देत. तांबटाच्या हातोडीसारखा आवाज म्हणूनच त्याचं हे नाव, तेव्हा रविवारी कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन तांब्यावर पडणारी हातोडीही ऐकून ये.

स्वयंपाकाचा कंटाळा येतो म्हणतेस. बीट चिरताना वास घेऊन बघ. तो मातकट वास जिओस्मिन नावाच्या ज्या द्रव्याचा, त्याचाच पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही वाटा असतो. मातीतले सूक्ष्म जीव ते तयार करतात आणि आपल्या नाकाला त्याचा लवलेशही पुरतो. ओढणीवरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल झाला तर वैतागू नकोस. कुंकवासाठी हळद क्षार घालून अशीच लाल करत आले आहेत.

एवढं मात्र ऐक. काही नवं दिसलं की लगेच मोबाइलला विचारू नकोस. आधी स्वतः तर्क कर, दोन दिवस तो डोक्यात घोळू दे.

आणि गच्चीवर एकटी जाऊ नकोस. शेजारच्या टेबलावरची मुलगी, वॉचमनकाका, जे येतील त्यांना ने. टोपी घाल, पाणी पिऊन जा. आमच्या साताऱ्यात सूर्य तीन-चार दिवस आधी माथ्यावर येतो. मी अंगणात तांब्या ठेवून वेळ टिपून ठेवीन, तू तुझी कळव.

तुझी,
मावशी