कागदावरचे ४८ तास

५ मार्च १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या एका नामांकित रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दगावली. ती नैराश्यावरचे फेनेलझिन घेत होती. रात्री तिला पेथिडीन दिले गेले. ही दोन औषधे एकत्र जीवघेणी ठरू शकतात. तिला पाहणारे दोघेही शिकाऊ डॉक्टर, कित्येक तास न झोपलेले. वडील सिडनी झायन पत्रकार होते आणि गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ग्रँड ज्युरीने डॉक्टरांवर गुन्हा ठेवला नाही, पण प्रशिक्षणाच्या पद्धतीवर ताशेरे ओढले. मग बर्ट्रंड बेल यांची समिती बसली आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मर्यादा आली: आठवड्याला ८० तास, सलग २४. रात्री ज्येष्ठ डॉक्टरची देखरेख हवी, असेही समितीने बजावले होते. जगाच्या लक्षात ऐंशीचा आकडा तेवढा राहिला.

निवासी डॉक्टरांच्या तासांना मर्यादा हवी म्हणून हा दाखला दिला की आपल्याकडचे ज्येष्ठ सर्जन अमेरिकेचाच दुसरा दाखला देतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फर्स्ट’ या अभ्यासात सर्जरीच्या काही प्रशिक्षणार्थींना पाळीच्या लांबीचे नियम सैल करून दिले होते. तरी रुग्णांचे मृत्यू वा गंभीर गुंतागुंत वाढली नाही. हे खरे आहे. पाळी बदलताना दुसऱ्या डॉक्टरकडे रुग्ण सोपवताना माहिती गळते, अर्धी शस्त्रक्रिया सोडून जाणाऱ्याचे शिक्षण अर्धवट राहते, हेही खरे. पण त्या अभ्यासातल्या दोन्ही गटांना आठवड्याच्या ८० तासांची मर्यादा होतीच! तिच्या आत पाळ्या कशा लावाव्यात, एवढाच तिथला वाद. शंभर तासांच्या आठवड्याचे समर्थन त्यातून निघत नाही. आणि ‘आम्हीही हेच केले’ हा तर युक्तिवादच नव्हे.

आपल्याकडे नियम नाही, असेही नाही. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याला जोडूनच सवलत: कामाचा भार आणि उपलब्ध डॉक्टर पाहून वैद्यकीय अधीक्षकांनी वेळ ठरवावी. भार कधी कमी होणार? पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीत आकडाच गेला, ‘वाजवी तास’ आले. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने ७४ तास सुचवले. सुधारणा म्हणून!

इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी ड्युटीवर चढलेला फर्स्ट इयरचा निवासी डॉक्टर दुसऱ्या दिवशीचा राऊंड, ओपीडी उरकून संध्याकाळी सुटतो. या ३६ तासांत तो काय शिकतो? रक्ताचे नमुने काढतो, स्वतःच प्रयोगशाळेत पोचवतो, हरवलेला रिपोर्ट शोधतो, रक्तपेढीच्या खिडकीशी उभा राहतो, वॉर्डबॉय नसला तर ट्रॉली ढकलत एक्स-रेला जातो. ही कामे परिचारिका, तंत्रज्ञ आणि चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांची. त्यांची पदे रिकामी राहतात आणि तरीही रुग्णालय चालते, कारण विद्यावेतनावर राबणारा एक पदव्युत्तर विद्यार्थी जागा असतो. तास मोजायला प्रशासन का कचरते, ते इथे कळते: मोजले तर भरती करावी लागेल.

तेव्हा नवी समिती नको. १९९२ ची ती सवलत काढून टाकावी, प्रत्येक युनिटची ड्युटी यादी दर महिन्याला जाहीर व्हावी आणि मर्यादा मोडली तर अधिष्ठात्यांनी लेखी कारण द्यावे.