काचेवरचे नाव

ममलूक राजवटीत, तेराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान, इजिप्त आणि सीरिया येथे मशिदींसाठी जे काचेचे दिवे घडले, त्यांचा घाट फुलदाणीसारखा आहे. वर पसरट गळा, मध्ये फुगीर पोट, खाली पाया. अंगच्या कड्यांत साखळ्या अडकवून ते टांगले जात. आत तेलवातीचे लहान भांडे असे. काचेवर सोने व रंगीत मिना चढवून ती पुन्हा भट्टीत भाजली जाई. गळ्यावर बहुधा कुराणाच्या चोविसाव्या सुरेतील ते वचन असते, ज्यात ईश्वरी तेजाला कोनाड्यातल्या, काचेआडच्या दिव्याची उपमा दिली आहे. पोटावर मात्र दात्याचे नाव, बिरुदांसह.

ईश्वराला अर्पिलेल्या वस्तूवर दात्याने आपले नाव का घालावे? गुप्तदान श्रेष्ठ मानणारा याला सरळ दंभ म्हणेल, आणि त्याच्या बाजूने काचेचीच साक्ष निघते. अनेक दिव्यांत गळ्यावरचे वचन निळ्या मिन्याने लिहिलेले आहे. पोटावर उलट भूमी निळी, आणि अक्षरे मोकळी राखलेली. दिवा लागला की वचनाची अक्षरे गडद राहतात. उजळते ते सुलतानाचे नाव.

तरीही दंभ म्हणून प्रकरण मिटवणे घाईचे होईल. नाव हे प्रार्थनेची याचनाही असते. अशा लेखांत दाता स्वतःला ईश्वरकृपेचा गरजू, दीन सेवक म्हणवतो. (शेजारीच पदव्यांची माळ असते, हेही खरे.) शिवाय नाव उजळायचे तर रोज कोणीतरी वात लावली पाहिजे. बलाढ्य सुलतानाचे तेज अशा रीतीने एका अनाम सेवकाच्या हाती जाते. सुलतान हसनने कैरोत १३५६ मध्ये आपली भव्य मशीद बांधावयास घेतली. १३६१ मध्ये तो मारला गेला, त्याचे प्रेत सापडले नाही आणि तेथील कबर त्याच्यावाचून राहिली. त्याच्या नावाचे दिवे मात्र त्या वास्तूसाठी घडलेच. भोगणाराच नाही, तर तो अहंकार नक्की कोणाचा?

आज यांतले बरेच दिवे संग्रहालयांत आहेत. विजेचा प्रकाश बाहेरून पडतो. वचन आणि नाव सारखेच वाचता येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अमीर कौसूनचा दिवा आहे. तो सुलतानाचा पेलेबरदार होता, म्हणून दिव्यावर पेल्याचे चिन्ह आहे. १३४२ मध्ये तो कैदेत मारला गेला. त्याच दिव्याच्या पायावर कारागिराने सही केली आहे, लहान अक्षरांत.