भीतीची खरेदी

टंचाई दोन प्रकारची असते. एक आभाळाने आणलेली, दुसरी माणसांनी आणलेली. आपल्या नगर जिल्ह्याला पहिलीची ओळख जुनी आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली, सुकडी आणि लाल मिलो खाऊन खडी फोडलेली माणसे आजही आपल्यात आहेत. दुसरी टंचाई वेगळी. तिच्यात वस्तू संपलेली नसते. ती उद्या मिळणार नाही, या भीतीने सगळे जण आजच ती घ्यायला धावतात आणि मग ती खरोखरच मिळेनाशी होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीपाठोपाठ मीठ संपल्याची अफवा उठली आणि एवढा समुद्रकिनारा लाभलेल्या देशात लोक मिठासाठी धावले. मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर इतके दिसेनासे झाले, की १३ मार्चला सरकारला ते अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घालावे लागले. एप्रिल २०२१ मधल्या रेमडेसिव्हिरच्या रांगा तर आपण कुणीच विसरलेलो नाही.

अशा वेळी आधीच घेऊन ठेवणारा माणूस शहाणा म्हणायचा की गुन्हेगार? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. धर्माने सावधगिरी नाकारलेली नाही. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, या अर्थाची हदीस मकतबमध्ये जाणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. दुसऱ्या बाजूला, साठेबाजी करणारा पापी आहे, हेही हुजूरनी (स.) स्पष्ट सांगितले आहे. वर्गात एकदा हजरत यूसुफ यांचा किस्सा चालू होता. सात वर्षांच्या सुबत्तेत त्यांनी मिसरमध्ये धान्य राखून ठेवले आणि पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळात ते कामी आले. एका मुलाने हात वर केला, “सर, फिर तो यूसुफ अलैहिस्सलाम ने भी जखीरा किया ना?”

प्रश्न बिनतोड होता, आणि त्याच्या उत्तरातच या विषयाची किल्ली आहे. हजरत यूसुफनी धान्य राखले ते सुबत्तेत, म्हणजे तेव्हा कुणाच्या ताटातला घास कमी झाला नाही. राखले ते उघडपणे, राज्याच्या कोठारात. आणि राखले ते सर्वांसाठी. ज्या भावांनी त्यांना विहिरीत टाकले होते, त्यांनाही त्याच कोठारातून धान्य मिळाले. साठेबाजाचे तिन्ही बाबतीत उलटे असते. तो टंचाईत घेतो, लपवून ठेवतो आणि फक्त स्वतःसाठी ठेवतो. फिकहमध्ये याला ‘इहतिकार’ म्हणतात. हनफी परंपरेत इमाम मुहम्मद यांनी हा निषेध अन्नधान्यापुरता मानला. इमाम अबू यूसुफ मात्र म्हणाले, की जी वस्तू अडवून ठेवल्याने लोकांचे नुकसान होते, तिची साठवण म्हणजे इहतिकारच. रेमडेसिव्हिरच्या दिवसांनी अबू यूसुफ यांचे म्हणणे किती दूरदृष्टीचे होते, ते दाखवून दिले.

धान्य आणि औषध इथपर्यंत या कसोटीने भागते. खरी परीक्षा शस्त्राच्या बाबतीत होते, कारण भीतीच्या काळात माणूस फक्त मीठ आणि पीठ शोधत नाही. अमेरिकेचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०१२ मध्ये तिथल्या सँडी हुक शाळेत २० मुले आणि ६ शिक्षक-कर्मचारी गोळीबारात मारले गेले. त्यानंतर बंदुकांवर निर्बंध येतील या भीतीने लोकांनी दुकाने रिकामी केली. पॉइंट टू-टू बोअरची साधी, स्वस्त काडतुसेही मग दीर्घकाळ मिळेनात. शाळेतल्या मुलांच्या हत्येतून लोकांनी काढलेला निष्कर्ष होता, आणखी गोळ्या घेऊन ठेवा! मार्च २०२० मध्ये आजार विषाणूचा होता, तरी रांगा बंदुकीच्या दुकानांपुढे लागल्या. त्या वर्षी बंदूक खरेदी आणि परवान्यासाठी होणाऱ्या तपासण्यांची संख्या ३ कोटी ९६ लाखांवर गेली.

आपल्याकडे असे दुकान कोपऱ्यावर नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, किती काडतुसे घेता येतील तेही ठरलेले असते आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला दोनच शस्त्रांची मुभा ठेवली आहे. पण भीती परवान्याची वाट पाहत नाही. ती मागच्या दाराने जाते. नगर जिल्ह्यात गावठी कट्टा पकडल्याची बातमी आता नवी राहिलेली नाही, आणि मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे गाव अशा कट्ट्यांसाठी पोलिसांच्या तोंडी नेहमी असते. या धंद्यातले बरेचसे गिऱ्हाईक गुंडांचे. पण कुठे दंगल झाली, की साध्या, नोकरदार, नमाजी माणसांच्या बैठकीतही एक वाक्य हळू आवाजात येते: “घर में कुछ तो होना चाहिए.” मे २०२३ मध्ये शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक आणि जाळपोळ झाली, तेव्हाही ते ऐकू आले. हे वाक्य बोलणारा माणूस वाईट नसतो. तो घाबरलेला असतो. म्हणूनच त्याच्याशी वाद घालण्याआधी त्याचे ऐकून घेतले पाहिजे.

त्याच्या बाजूने सर्वात मोठा पुरावा मुंबईचा आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते, असे श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. पोलिसांच्या वागण्यावरही आयोगाने कठोर ताशेरे ओढले. ज्याच्या दारात जमाव उभा राहिला आणि ज्याने लावलेला फोन कुणी उचलला नाही, त्याला ‘कायद्यावर विश्वास ठेव’ एवढेच सांगणे अपुरे आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानेही मानला आहे, शरीयतनेही.

पण त्याच मुंबईत याच भीतीने केलेल्या खरेदीचे काय झाले, हेही पाहू. सुनील दत्त तेव्हा खासदार होते. दंगलग्रस्तांना, त्यांत मुसलमानांनाही, मदत केल्यामुळे त्यांच्या घराला धमक्या येत होत्या. त्यांचा मुलगा संजय याने कुटुंबाच्या रक्षणासाठी म्हणून जानेवारी १९९३ मध्ये एके-५६ रायफल ठेवून घेतली. त्याच्या कबुलीजबाबानुसार घरात त्याआधीच परवान्याची तीन शस्त्रे होती. तीन बंदुकांनी जी भीती गेली नाही, ती चौथीने कशी जाणार होती? ज्या लोकांकडून ती रायफल आली, त्यांचा साठा आणि १२ मार्च १९९३ ला २५७ माणसांचा जीव घेणाऱ्या कटाचा साठा एकाच वाटेने आलेला होता. न्यायालयाने संजय दत्तला कटातून मुक्त केले, शस्त्र कायद्याखाली मात्र दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवली आणि शिक्षा कमी करून पाच वर्षांची केली. शिक्षेपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. घाबरलेला गिऱ्हाईक माल कुठून आला हे विचारत नाही, आणि त्याच्या भीतीवर ज्यांचे पोट आणि कट दोन्ही चालतात, ते हीच वेळ साधतात. बुखारी शरीफमध्ये फितन्याच्या काळातल्या शस्त्रविक्रीवर स्वतंत्र बाब आहे आणि हजरत इम्रान बिन हुसैन यांना अशी विक्री नापसंत होती, याची नोंद तिथे आहे. आपल्या बुजुर्गांना हा बाजार चांगला कळलेला होता.

शिवाय धान्य आणि शस्त्र यांत एक मूलभूत फरक आहे. मी ज्वारीची दोन पोती जास्त घेतली तर शेजाऱ्याला कमी पडते, पण तो मला भीत नाही. मी कट्टा आणला आणि त्याला ते कळले, तर तोही आणतो. मग मला तिसरा हवा वाटतो. ज्या धोक्यासाठी शस्त्र घेतले, तो धोका ते शस्त्रच तयार करते. आणि ज्वारी खाऊन संपते. बंदूक भीती ओसरल्यावरही कपाटातच राहते. पुढे तिच्यासमोर दंगलखोर येईलच असे नाही. घरातले मूल येऊ शकते, भावाभावांतले शेताचे भांडण येऊ शकते, रागाच्या भरातला तरुण मुलगा येऊ शकतो.

मग करायचे काय? उत्तर पुन्हा त्या कोठारापाशी जाते: सुबत्तेत, उघडपणे, सर्वांसाठी. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली भोगल्या होत्या. १९८८ नंतर तिथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी शांततेच्या दिवसांत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस एकत्र बसू लागले, एकमेकांना नावाने ओळखू लागले, किरकोळ भांडणे तिथेच मिटू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ज्या वस्तूची दंगलीत खरी टंचाई होते, ती वस्तू म्हणजे विश्वास, आणि भिवंडीने ती आधीच साठवून ठेवली होती.

आपल्या नगरच्या किल्ल्यालाही हे माहीत आहे. १५९५ च्या अखेरीस मोगलांचा वेढा पडला. सुरुंगाने तट पडला तेव्हा चाँदबीबी स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात भिंत सांधली गेली. आख्यायिका अशी, की दारूगोळा कमी पडला तेव्हा तिने तोफांत तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरली. आख्यायिकेचे काहीही असो, त्या टंचाईत किल्ला पडला नाही, कारण आतली माणसे एक होती. १६०० मध्ये दुसरा वेढा पडला. या वेळी ती मोगलांना सामील झाल्याची आवई किल्ल्यातच उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारले. मग किल्ला पडायला वेळ लागला नाही. दुसऱ्या वेळी संपला होता तो एकमेकांवरचा भरवसा.

“घर में कुछ तो होना चाहिए” हे म्हणणे खरेच आहे. घरात शेजाऱ्याचा फोन नंबर असावा, आणि तो दंगलीच्या रात्री पहिल्यांदा लावायची वेळ येऊ नये. ठाण्यातला हवालदार ईदला शीरखुर्म्यासाठी येऊन गेलेला असावा. गल्लीत वकील, डॉक्टर, सरपंच यांच्याशी बसण्या-उठण्याचा संबंध असावा. ज्याला जिवाचा खरा धोका आहे, त्याने कायद्याने अर्ज करावा आणि त्याच्या पाठीशी आपण उभे राहावे. हा साठा महाग नाही, पण तो गर्दीच्या दिवशी बाजारात मिळत नाही. त्याची वर्षे आत्ता चालू आहेत.