दोघांसाठी एक नाणे



१ मे हा महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हाच दिवस कामगार संत योसेफचा सण म्हणून दिला. यंदा त्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपली आणि आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने मला जवळजवळ ओढूनच सहलीला नेले. नाव छापत नाही, पण पुढचे सारे त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

महामार्गाच्या पलीकडे, पूर्वेला एका शेतकऱ्याने तळे खोदून त्यात मासे सोडले आहेत. तासाप्रमाणे पैसे भरायचे, गळ भाड्याने घ्यायचा आणि काठावर बसायचे. मासा लागलाच तर वजन करून त्याचे पैसे वेगळे. "फादर, पेत्राला असं तिकीट काढावं लागलं नसेल," घरधनी म्हणाले. मी हसलो, पण मन टेबलावर राहिलेल्या कागदांत होते.

आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडे आणि मी असे आम्ही सहा जण. सुनेने भाकऱ्यांबरोबर सुक्या बोंबलाची चटणी आणली होती. मासे पकडायला जाताना मासळी कशाला, असे विचारले तर म्हणाली, "भरवसा नको, फादर!"

तिचे खरे ठरले. तासभर कोणाच्याही गळाला काही लागले नाही. मग तळ्याचा राखणदार आला. तो म्हणाला, "या पाण्यात तीन जातींचे मासे आहेत. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. एकाचं खाणं दुसरा हिरावत नाही, म्हणून तिघे एका तळ्यात नांदतात. तुमचे सगळ्यांचे गळ वरच लटकतायत. दोरीवरचं बूच सरकवा, गळ खाली जाऊ द्या."

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, पण कुटुंबाविषयी इतके नेमके वाक्य मला तिथे मिळाले नव्हते. आपल्या घरांतही तीन पिढ्या एका छपराखाली राहतात. मुलांचे मन वरच्या पाण्यात असते, हाक मारली की ती येतात. कर्त्या माणसाचे मन मधल्या पाण्यात, लोकलच्या वेळा आणि कर्जाचे हप्ते यांच्यात फिरत असते. म्हाताऱ्यांचे तळाशी असते. आपण मात्र सर्वांशी वरवरचेच बोलतो. "जेवलात का? गोळी घेतली का?" एवढी आपली दोरी. मग म्हणतो, बाबा हल्ली काही बोलतच नाहीत.

थोड्या वेळाने नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही लहानपणी मासे कुठे पकडायचे?"

"आपल्या बावखलात."

"कुठे आहे ते?"

"तुझ्या पप्पांची गाडी उभी असते ना, तिथे."

सगळे गप्प झाले. आपल्या वाड्यांतील बावखले काय होती, हे ज्येष्ठांना सांगायला नको. त्यात पावसाचे पाणी साठे, त्यावर बागायत पिके, आसपासच्या विहिरी गोड राहत. त्यांतली कितीतरी भराव टाकून बुजली. या घराचेही नवे घर बांधताना बुजले, आणि तेव्हापासून बापलेकांचे बोलणे कामापुरते उरले होते.

बऱ्याच वेळाने मुलगा बुचाकडे बघतच म्हणाला, "बाबा, तुम्ही तेव्हा नको म्हणाला असता, तर मी भराव टाकला नसता."

आजोबा म्हणाले, "तू विचारलंस कुठे?"

घरी असते तर एक जण आतल्या खोलीत गेला असता आणि दुसरा फाटकापाशी. इथे बारा वाजेपर्यंतचे पैसे भरलेले आणि गळ पाण्यात! कोणी उठले नाही. मग आजोबांनी मुलाच्या हातातली कणीक घेतली. "सैल मळलीस. पाण्यात सुटते," म्हणाले. स्वतः घट्ट मळून त्यांनी गोळी केली आणि मुलाच्या गळाला लावली. मुलाने तो पाण्यात टाकला.

समेट झाला, असे मी म्हणणार नाही. बावखल परत आले नाही. पण बारा वाजता आम्ही निघालो तेव्हा बापलेक एकाच मृगळाबद्दल वाद घालत होते, आणि तो ऐकताना सुनेचे डोळे भरून आले होते.

शुभवर्तमानात जाळी पुष्कळ आहेत, गळ मात्र एकदाच येतो (मत्तय १७:२४-२७). कफर्णहूमात मंदिराचा कर घेणारे पेत्राला गाठतात. येशू त्याला सरोवरावर पाठवतो. पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे मिळेल आणि ते आपल्या दोघांच्या वतीने भर, असे सांगतो. ते नाणे दोघांच्या कराइतके होते. प्रभूने दोन वेगळी नाणी दिली नाहीत, हे लक्षात घ्या. याच पेत्राला त्याने थोडे आधी अत्यंत कडक शब्दांत फटकारले होते (मत्तय १६:२३). आता त्याच पेत्राला तो स्वतःच्या हिशेबात धरतो. चुकलेल्या माणसाचा हिशेब वेगळा न करणे, ही प्रभूची रीत आहे. आपण घरात नेमके उलटे करतो. तू भराव टाकलास, तू विकलेस, तू विचारले नाहीस, अशी ज्याची त्याची खाती आपण वेगळी ठेवतो.

आणि यासाठी वेळ काढणे ही चैन नव्हे. संत थॉमस अक्वायनस एक जुनी कथा सांगतात. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत होता, ते पाहून काहींना खटकले. त्याने एका धनुर्धाऱ्याला बाणामागून बाण सोडायला सांगितले आणि विचारले, असे सतत करशील का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. योहान म्हणाला, मनाचेही तसेच आहे. माझ्या टेबलावरचे कागद त्या दिवशी तसेच राहिले. त्यांनी कोणाचे काही बिघडले नाही.

बंधुभगिनींनो, पैसे भरून तळ्यावरच गेले पाहिजे असे नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर घरातील सर्वांनी दोन तास मोबाइल बाजूला ठेवावेत. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी बसावे, एक प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत उठू नये. उत्तर बोचरे असेल, तरी उठू नये.

हे प्रभू येशू, पेत्राचा कर तू स्वतःच्या करासोबत भरलास. आमच्या घरांतील जुने हिशेब मिटव आणि एकमेकांशेजारी बसून राहण्याचा धीर आम्हाला दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू