तुरुंगातही टिकणारा आनंद



आज आगमन काळातील तिसरा रविवार, म्हणजेच 'गाउदेते' रविवार. या लॅटिन शब्दाचा अर्थ 'आनंद करा'. म्हणूनच आज वेदीजवळ गुलाबी मेणबत्ती पेटली आहे. नाताळ तोंडावर आला आहे. घरोघरी गोठ्याची आणि फराळाची लगबग सुरू आहे.

परवा मिस्सानंतर एक भगिनी मला भेटली. यंदा तिच्या घरात मृत्यू झाला आहे. ती म्हणाली, "फादर, शेजारी सगळ्यांचे तारे लागले. मुलं हट्ट करतात. आम्ही यंदा तारा लावायचा की नाही?" मला लगेच उत्तर देता आले नाही. कारण तिचा प्रश्न नुसता ताऱ्याचा नव्हता. ज्या घरातील रडणे अजून थांबलेले नाही, त्या घराला ख्रिस्तसभा 'आनंद करा' असे कोणत्या तोंडाने सांगते, असा तो प्रश्न होता.

आजचे शुभवर्तमान याच प्रश्नाला हात घालते. आनंदाच्या या रविवारी ख्रिस्तसभा आपल्याला थेट तुरुंगात नेते. संत योहान बाप्तिस्ता कैदेत आहे. राजा हेरोदने आपल्या भावाची बायको ठेवली. ते योग्य नाही, असे योहानाने त्याला तोंडावर सांगितले. एवढाच त्याचा गुन्हा. मृत समुद्राच्या पूर्वेकडील माखैरस किल्ल्यात त्याला डांबले होते, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. त्या अंधारातून योहान आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवतो आणि विचारतो, जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? एवढ्या मोठ्या संदेष्ट्यालाही हा प्रश्न पडला. म्हणून दुःखात आपल्या मनात असे प्रश्न आले, तर आपली श्रद्धा संपली असे समजू नका. योहानाने आपला प्रश्न मनात कुढत ठेवला नाही, तो येशूकडेच पाठवला. आपणही तेच करावे.

येशूचे उत्तर काय? आंधळ्यांना दिसू लागले आहे, लंगडे चालू लागले आहेत, गरिबांच्या कानी सुवार्ता पडत आहे. नाझरेथच्या सभास्थानात येशूने यशयाच्या ग्रंथातून वाचले, तेव्हा त्यात बंदिवानांच्या सुटकेचाही उल्लेख होता. योहानाला पाठविलेल्या निरोपात मात्र तो नाही. योहान सुटला नाही. एका मेजवानीच्या रात्री त्याचे शिर कापण्यात आले.

मग योहानाच्या वाट्याला आनंद आला की नाही? आला! आईच्या उदरात असतानाच, मरियेची हाक ऐकून त्याने आनंदाने उडी मारली होती. पुढे लोक त्याला सोडून येशूकडे जाऊ लागले, तेव्हा त्याच्या शिष्यांना वाईट वाटले. योहान मात्र म्हणाला, मी वराचा मित्र आहे. वराचा आवाज ऐकूनच माझे मन भरून आले आहे. त्याने आपला आनंद स्वतःच्या यशावर ठेवलाच नव्हता, तो ख्रिस्तावर ठेवला होता. म्हणून यश गेले, मोकळेपणा गेला, तरी तो आनंद हेरोदच्या हाती लागला नाही.

संत पौलाचेही तेच. फिलिप्पै येथे त्याला आणि सीलाला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून कोठडीत टाकले होते. मध्यरात्री ते दोघे गीते गात होते आणि इतर कैदी ऐकत होते. पुढे त्याच फिलिप्पैकरांना त्याने जे पत्र लिहिले, तेही बेड्या असतानाच. अवघ्या चार अध्यायांचे ते पत्र आनंदाने ओथंबलेले आहे. आजच्या रविवारचे नावही त्याच पत्रातून आले आहे.

बंधू-भगिनींनो, सुख आणि आनंद यांत आपण गल्लत करतो. नोकरी लागली, घर झाले, मुलगा परदेशी गेला, की सुख येते. त्यात वाईट काही नाही, ती देवाचीच देणगी आहे. पण एका तपासणीच्या अहवालाने ते सुख निघून जाऊ शकते. ख्रिस्ती आनंद म्हणजे दुःख नसणे नव्हे. आपण एकटे नाही, प्रभू आपल्यासोबत आहे, ही खात्री म्हणजे आनंद. डोळ्यांत पाणी असतानाही तो मनात राहू शकतो.

पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जातो. एक आजी कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. मी गेलो की स्वतःच्या दुखण्याआधी त्या दुसऱ्यांची चौकशी करतात. "त्या पोरीला नोकरी लागली का? मी तिच्यासाठी रोझरी करते." त्यांच्याकडे जाताना मी थकलेला असतो, परत येताना थकवा उरलेला नसतो.

त्या भगिनीला आता मी सांगेन, बाई, तारा जरूर लावा. तारा म्हणजे आपल्या घरात सारे छान चालले आहे, याची जाहिरात नव्हे. प्रभू अंधारातच जन्माला आला, याची ती खूण आहे. तुमच्या घराला तिची अधिक गरज आहे. आणि हात उचलत नसेल, तर बाकीच्यांनो, तुम्ही जा आणि तिच्या दारात तारा बांधून द्या.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. नाताळपूर्वी पापनिवेदन करू या, कारण मनावर ओझे असले की आनंदाला जागा उरत नाही. यंदा ज्या घरात दुःख झाले, त्या घरी फराळ घेऊन जाऊ या आणि थोडा वेळ बसू या. आणि रोज रात्री घरच्या प्रार्थनेत एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानू या.

तुरुंगातील योहानाला ज्याने विसरले नाही, तो प्रभू आपल्या प्रत्येक घराला आपला आनंद देवो. आमेन.